होडी, ट्रेलर आणि भांगाचं पाणी : देवबागच्या (मालवण) नोंदी, २०२५

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून लिहून ठेवतोय, कारण गेल्या वर्षी सगळं डोक्यात होतं आणि पावसाळ्यानंतर काहीच आठवेना. होडी आमची १९ फुटी, फायबरची, मागे ४० एचपीचा ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), सीझनला पर्यटकांना घेऊन संगम, डॉल्फिन, सुनामी आयलंड अशा ट्रिपा मारते. दरवर्षी २५ मेला धंदा बंद झाला की ती कर्ली खाडीतून काढून घरामागच्या मांगरात (शेडमध्ये) न्यायची. आतापर्यंत पद्धत एकच, खाली लाकडी ओंडके टाकायचे, वाडीतली पंधरा-वीस माणसं गोळा करायची आणि हेला हेला करत ओढायची. गेल्या मेमध्ये मोजून अकरा माणसं आली, बाकीची पोरं मुंबई-गोव्याला, त्यात एक ओंडका निसटला आणि बाळाच्या (चुलत भाऊ) पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. नखावर भागलं म्हणून बरं, अर्धा टन होडी पायावर बसली असती तर पाय राहिला नसता.

तर यंदा ट्रेलर करायचा ठरलंय. तयार ट्रेलरचा भाव ऐकून गप्प बसलो, कुडाळला एक फॅब्रिकेटर आहे, तो करून देतो म्हणतोय.

आबांचं मत विचारलं (आबा म्हणजे मोठे काका, चाळीसेक वर्षं मासेमारी केलेले). ते म्हणाले, "होडयेक पाणी उचलता, तुझो ट्रेलर न्हय." मी तेव्हा नुसती मान हलवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

वजनाचा हिशोब. होडीचा सांगाडा साधारण ४८० किलो, इंजिन ७५ च्या आसपास, टाकी २४ लिटरची म्हणजे भरलेली असली तर पेट्रोलचे १८ किलो आणि वर टाकीचं वजन, नांगर, दोर, लाईफ जॅकेटं, सीटा धरून ६३० धरतो. ट्रेलर स्वतः ३०० किलो तरी होणारच. म्हणजे ९३० ओढायचे आहेत.

डिझाईन वहीत काढून फॅब्रिकेटरला दिलं. मधे नाळेपासून (होडीचं पुढचं टोक) मागेपर्यंत तीन रबरी रोलर कारण आमच्या होडीला खाली कणा आहे, आणि दोन्ही बाजूला लांब फळ्या ज्यांच्यावर होडीची पोटं टेकतील. फळ्या फणसाच्या, आपल्याच परड्यातलं झाड गेल्या वादळात पडलेलं ते चिरून ठेवलं होतं. ट्रान्सम (होडीची मागची सपाट बाजू, जिथे इंजिन लागतं) जिथे संपतो तिथपर्यंत फळी गेलीच पाहिजे, कारण इंजिनाचं सगळं वजन त्या टोकाला असतं आणि फळी एक फूट जरी आखूड पडली तरी फायबर तिथे हळूहळू वाकतं, पुढच्या वर्षी तळ बघून कळतं की वाकलाय, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

१६ मार्च, रविवार

कुडाळला जाऊन काम बघितलं. चॅसी छान झालीय, पण दोन गोष्टींवरून भांडलो.

एक म्हणजे चौकोनी पाईपची टोकं त्याने सगळीकडून वेल्ड करून बंद केली, म्हणे पाणी आत जाणार नाही. अरे बाबा, खाऱ्या पाण्यात बुडवणार आहोत, कुठून ना कुठून जाणारच, आणि एकदा गेलं की बाहेर यायला वाट नाही, दोन वर्षांत आतून कुजतं आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. शेवटी प्रत्येक पाईपला खालून भोकं पाडून घेतली आणि मग गॅल्व्हनाईजला (जस्ताचा थर द्यायला) पाठवायला सांगितलं. भोकं नसतील तर हॉट डिपवाले घेतच नाहीत, आत हवा अडकली तर वितळलेल्या जस्तात स्फोट होतो, हे त्याला तिथल्या माणसानेच फोनवर सांगितलं तेव्हा पटलं. माझं ऐकलं नव्हतं.

दुसरं म्हणजे विंचचा (हँडल फिरवून पट्ट्याने होडी ओढायची चरखी) खांब. त्याने विंच इतका खाली लावला की पट्टा नाळेच्या कडीला खालच्या दिशेने ओढणार. मग होडी शेवटच्या हातभर अंतरात नाक खुपसून बसते, पुढे सरकत नाही. होडी पूर्ण चढल्यावर विंच कडीच्या लेव्हलला किंवा किंचित वर पाहिजे. खांब सहा इंच वाढवायला सांगितला.

विंचला त्याने स्टीलचा तार-दोर लावला होता, तो काढायला लावला. तार तुटली की चाबकासारखी मागे येते, शिवाय खाऱ्या पाण्यात एकेक तंतू गंजून सुटतो आणि तळहातात घुसतो. दोन इंची पॉलिएस्टरचा पट्टा घ्यायचा. पट्टासुद्धा तुटतोच, पण वाईट व्हायला लागला की आधी कडा विरतात, ते डोळ्यांना दिसतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

ट्रेलर आला! बाळाच्या बोलेरो पिकपच्या मागे लावून कुडाळहून आणला, तीसेक किलोमीटर, येताना सरळ रस्त्यावर पन्नासला सुद्धा मागून शेपूट हलवत होता, बाळा घामाघूम. (हो, रस्त्यावर वापरायचा तर ट्रेलरची आरटीओत नोंदणी लागते, ती भानगड चालू आहे, एरवी आमचं काम घर ते खाडी पाऊण किलोमीटर एवढंच.) आई म्हणाली, "नारळ आधी फोडा, मगे फोटो काढा." फोडला.

संध्याकाळी मोठी ओहोटी होती, काल अमावस्या झाली ना, तर वाडीचा रँप पूर्ण उघडा पडला. हीच वेळ साधून मोजून घेतला. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणली, पाणी भरून दोन टोकांना धरली. रँप ११ मीटर लांब, तेवढ्यात १ मीटर ३८ सेंटीमीटर उतरतो, म्हणजे आठाला एक. उतार बरा आहे. पण ११ मीटरला काँक्रीट संपतं तिथे खालची वाळू पाण्याने खाऊन टाकलीय, हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. वरून पाणी असताना हे कुणालाच दिसत नाही. चाक त्या काठावरून खाली गेलं तर ॲक्सल काँक्रीटवर अडकणार, ट्रेलर ना पुढे ना मागे, आणि वर भरती किंवा ओहोटी, जे काय असेल ते आपलं काम करतच राहणार.

म्हणून ऑईलपेंटने प्रत्येक मीटरला पांढरी रेघ मारली आणि १० मीटरला लाल. लाल रेघेच्या खाली चाक न्यायचं नाही. रेघा पाण्याखाली जातात हे खरं, म्हणून बाजूच्या गडग्यावर (दगडी बांधावर) पण तेच आकडे टाकले, चाकाच्या समोर उभं राहिलेल्या माणसाला तिथून वाचता येतात.

आणखी एक, ५ मीटरपासून खाली शेवाळ आहे. अनवाणी उभं राहिलो आणि सरकन खाली.

६ एप्रिल, रविवार

शेपूट हलण्याचं कारण सापडलं. होडी अजून पाण्यात असल्यामुळे तिच्याजागी वाळूची पोती मोजून ठेवली, ६३० किलो, जिथे जेवढं वजन येईल तिथे तेवढं, म्हणजे इंजिनच्या जागी दोन पोती मिळून ७५ वगैरे. मग ट्रेलरची दांडी बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवली. ४१ किलो! एकूण ९३० वर हे साडेचार टक्के पण नाही. पुढच्या दांडीवर साधारण सात ते दहा टक्के यायला हवं, कमी पडलं की मागचा भाग गाडीला हलवतो, जास्त झालं की गाडीचं पुढचं चाक हलकं होतं. रिकाम्या ट्रेलरला तर त्या दिवशी याहून कमी असणार.

होडी पुढे सरकवून पण दांडीवर वजन वाढलं असतं पण मग ट्रान्सम फळीच्या पुढे जाऊन फळी मागे उगाच लोंबत राहते, परत सगळं जुळवा. त्यापेक्षा ॲक्सल यू-बोल्टवर आहे तो सोडून सहा इंच मागे घेतला. परत मोजलं, ७३. झालं.

मागे दोन्ही टोकांना पाच-पाच फुटी पीव्हीसी पाईप उभे केले. खाडीचं पाणी मे महिन्यात गढूळ असतं, ट्रेलर खाली गेला की कुठे आहे तेच कळत नाही, हे दोन पांढरे दांडे दिसले की त्यांच्या मधून होडी घालायची. फळ्यांना जुनं कार्पेट गुंडाळलं, स्टेनलेसचे स्क्रू बाजूने मारले, वरून एकही नाही. वरून मारलेला स्क्रू कार्पेट झिजल्यावर होडीचा तळ ओरबाडतो.

१३ एप्रिल, रविवार – पहिली ट्रायल

काल पौर्णिमा, आज उधाणाचं पाणी, म्हणजे मोठी भरती. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब, तिथीची पाऊणपट करायची. आज प्रतिपदा म्हणजे सोळावी, सोळाची पाऊणपट बारा, बाराच्या सुमाराला पाणी भरणार. भरती-ओहोटीचं ॲप पण तेच सांगत होतं, थोडा इकडेतिकडे फरक. डॉल्फिनची सकाळची ट्रिप आटपून होडी रँपजवळ आणली.

आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

बोलेरोचं मागचं चाक पाण्यात घालायला बाळा तयार नव्हता, मला पण त्याची गाडी खारवायची नव्हती, म्हणून ट्रेलरचं चाक साडेपाच मीटरच्या रेघेवरच थांबवलं. फळ्यांचं फक्त मागचं टोक पाण्यात. होडी आली, नाळ पहिल्या रोलरवर टेकली, आणि पुढे येईना. मी पट्टा कडीत अडकवून विंच फिरवायला लागलो. दहा-बारा फेऱ्या सोप्या गेल्या, मग जड, मग दोन्ही हातांनी, मग मी हँडलवर अक्षरशः लोंबकळत होतो, बाळा मागून होडी ढकलतोय, आणि एका क्षणी मी श्वास घ्यायला हात सैल सोडला. रॅचेटचा खटका (विंचला उलटं फिरू न देणारा) दातात नीट बसलेलाच नव्हता. हँडल उलटं गरगर फिरलं, पहिला फटका माझ्या मनगटाच्या वर बसला, आणि होडी सरसर मागे पाण्यात, बाळा बाजूला उडी मारून वाचला. तो होडीच्या बरोब्बर मागे उभा होता.

आबा गडग्यावर बसून बिडी ओढत बघत होते. "हात गेलो आसतो मेल्या!" एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ काही नाही. मग परत, "पाणी उचलता म्हणान सांगितलंय ना तुका."

हाड मोडलं नाही, सूज आहे. डाव्या हाताने लिहितोय.

१५ एप्रिल, मंगळवार

सूज उतरतेय. विचार केला तर चूक विंचची कमी आणि माझी जास्त. विंच होडी उचलायला नसतोच, तरंगणारी होडी शेवटचे दोन-तीन हात पुढे आणून घट्ट धरायला असतो. एका हाताने आरामात फिरत नसेल तर समजायचं की ट्रेलर उथळ आहे, थांबायचं, ट्रेलर अजून खाली न्यायचा. मी त्याऐवजी जोर वाढवला.

तरी खटक्याची स्प्रिंग पण ढिली निघाली, बदलली. आता हँडल सोडायच्या आधी टक असा आवाज ऐकायचा, डोळ्यांनी बघायचं, आणि मगच हात काढायचा. पट्ट्याच्या रेषेत पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, होडीच्या मागे तर अजिबातच नाही. ढकलायचीच असेल तर बाजूने, काठाला धरून.

आणि बोलेरो बाद. शेवाळावर तिचं चाक जागच्या जागी फिरत होतं. वाडीतल्या नानांचा ट्रॅक्टर सांगितलाय, मागचं चाक मोठं, पाण्यात गेला तरी रडत नाही.

२७ एप्रिल, रविवार – दुसरी ट्रायल

अमावस्या, पाणी सव्वाअकराला भरणार. पण ट्रिपवाले पाहुणे उशिरा आले, परत यायला साडेबारा, तोपर्यंत ओहोटी जोरात लागली होती. म्हटलं पाणी आहे अजून, करूया. हा दुसरा मूर्खपणा.

उथळ नको म्हणून यावेळी ट्रेलर चांगला खोल घातला, फळ्या पूर्ण पाण्याखाली, फक्त पीव्हीसीचे दांडे वर. होडी आत शिरली, एकदम सुरेख, विंच एका हाताने फिरला, नाळ स्टॉपरला लागली, मी ओरडलो चल. आणि नाना ट्रॅक्टर घेऊन वर निघाले तेव्हा समजलं की नाळ पुढे बांधलेली आहे पण मागची बाजू मोकळी तरंगतेय, आणि ओहोटीचं पाणी रँपला आडवं वाहतं. ट्रेलर वर येता येता पाणी कमी झालं, होडी टेकली ती तिरकी टेकली, डावं पोट फळीवर आणि उजवं मडगार्डवर. कर्र असा आवाज आला. मी थांब म्हणून ओरडलो, नानांना इंजिनच्या आवाजात ऐकू नाही आलं, बाळाने हात वर केला ते त्यांनी वेगळ्याच कशासाठी समजलं, अजून दोन फूट ओढली.

परत पाण्यात घातली, सरळ केली, परत काढली. मडगार्ड वाकलं, जेलकोटवर (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) वीतभर ओरखडा. आत काही नाही, फायबरच्या मॅटपर्यंत गेलेलं नाही, फिलर मारून होईल.

यातून ठरलं ते असं की खोली मधलीच पाहिजे. उथळ झाली तर विंच मारतो, खोल झाली तर होडी कुठे बसेल ते तिच्या मर्जीवर. आजच्या पाण्याला परत हळूहळू वरखाली करून बघितलं, चाकाचा वरचा काठ जेमतेम बुडतो तेव्हा मागची दोन-तीन फूट फळी पाण्याखाली आणि पुढची वर राहते, त्या वेळी होडी पुढे टेकते आणि मागून तरंगते, बरोब्बर सरळ बसते. पाणी पूर्ण भरलेलं असताना हे गणित गडग्यावरच्या ७ मीटरच्या खुणेला जमेल.

दुसरं म्हणजे मागच्या बाजूला दोन दोर, एक डावीकडे एक उजवीकडे, काठावरच्या दोन माणसांच्या हातात. तिसरं, ड्रायव्हरने बघायचं फक्त एका माणसाकडे, तो माणूस मी, आणि तो गडग्यावर ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहणार, विंचला हात लावणार नाही. विंच बाळाचा. थांब मात्र कुणीही म्हणायचं, दोन्ही हात वर म्हणजे थांब, पोरगं म्हणालं तरी थांब.

४ मे, रविवार

किरकोळ कामं. मडगार्ड सरळ केलं, वर रबर लावलं. व्हील बेअरिंगमध्ये पाणी न धरणारं ग्रीस भरलं. कुडाळहून आणल्या दिवशी हब हाताला चांगले गरम लागत होते, तसाच ट्रेलर थंड पाण्यात घातला असता तर आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेतलं असतं. लांबून आणलं तर अर्धा तास सावलीत उभा करायचा, मग पाण्यात.

मागच्या कड्यांसाठी रॅचेट बेल्ट दोन आणले, आणि नाळेला वेगळी साखळी. विंचचा पट्टा सुटला तरी साखळी धरते.

प्लॅन: २५ मेपर्यंत धंदा, २७ ला अमावस्या, उधाणाचं पाणी दुपारच्या आत भरतं, आरामात काढायची. कॅलेंडरवर लाल गोल केला.

१८ मे, रविवार

हवामान खात्याचे इशारे यायला लागलेत, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होणार, जोरदार पाऊस, वारा. मे महिन्याच्या या दिवसात गडगडाटी सरी येतात, त्या वेगळ्या. हे त्यातलं वाटत नाही. आबा संध्याकाळी समुद्राकडे बघून आले आणि होडी काढा म्हणाले. २७ पर्यंत थांबू नका.

प्रॉब्लेम असा की परवा अष्टमी. भांगाचं पाणी. उधाणाला भरती जिथपर्यंत येते त्याच्या चांगलं खाली राहणार.

१९ मे, सोमवार

रात्रभर हिशोब. गडग्यावर उधाणाच्या भरतीची खूण आहे, आज भरती आली ती तिच्यापासून ४५ सेंटीमीटर खाली. उतार आठाला एक, म्हणजे तीच खोली मिळवायला ट्रेलर ३ मीटर ६० अजून खाली न्यावा लागणार. ७ अधिक ३.६, चाक १०.६ मीटरवर. लाल रेघेच्या खाली, काँक्रीट संपतं त्याच्या सव्वा फूट अलीकडे, आणि तिथे खालून पोकळ आहे ते मी स्वतः हात घालून बघितलंय.

बाळा म्हणाला होईल रे, सव्वा फूट आहे ना. माझं मनगट अजून पावसाळी हवेत ठणकतं, मी नाही म्हटलं.

दोन उपाय काढले. होडी हलकी करायची, विशेषतः मागून. इंजिन, टाकी, नांगर, सीटा सगळं आधीच उतरवायचं. इंजिन काढलं की मागची बाजू वर येते, म्हणजे कमी पाण्यात चालतं. आणि दुसरा उपाय आबांचा. मी म्हणत होतो रँपच्या टोकाला काहीतरी अडण ठेवूया, पोती, ओंडका. ते म्हणाले ओंडका तरंगतो, पोतं सरकतं, "ट्रॅक्टर माडाक बांध." म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला जाड दोर, दुसरं टोक वरच्या माडाला, आणि लांबी अशी मोजून की ट्रेलरचं चाक लाल रेघेवर आलं की दोर ताठ. नानांचा पाय क्लचवरून घसरला, शेवाळावर चाक घसरलं, काही झालं तरी त्याच्या पुढे जायचं नाही.

एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

२० मे, मंगळवार

अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, संध्याकाळी सहाला पाणी भरणार. दुपारी बाराला ओहोटी, तेव्हा रँप उघडा असताना चौघांनी खराट्याने आणि चुन्याने शेवाळ घासलं, ४ ते १० मीटर. पाऊस सुरूच. सुकं असताना रिकामा ट्रेलर लावून दोराची लांबी जुळवली, माडाला दोन वेढे आणि गाठ आबांनी स्वतः मारली, मला हात लावू दिला नाही.

चारला होडीचं सामान उतरवलं. ओबीएम चौघांनी मिळून जेटीवरून काढला, क्लॅम्पचे बोल्ट सोडायच्या आधी इंजिनला दोर बांधून तो वर जेटीच्या खांबाला, कारण ७५ किलोचं इंजिन ओल्या हातातून खाडीत गेलं की गेलं. इंजिन उतरल्यावर मागची बाजू चांगली तीन बोटं वर आली, पाण्याची हिरवी रेघ वर दिसायला लागली. तीन बोटं म्हणजे पाचेक सेंटीमीटर, गुणिले आठ, ४० सेंटीमीटर रँप वाचला. १०.६ चे १०.२ झाले. अजून लाल रेघेच्या वीतभर खाली.

साडेपाचला वारा बाहेरून, समुद्राकडून. पाऊस इतका की समोरचा कोरजाईचा काठ दिसेना. बाळाने एकदा म्हटलं उद्या सकाळी करूया, सकाळी पण पावणेसातच्या आसपास भरती आहे. खरं तर तेही चाललं असतं. पण उद्याचा वारा कसा असेल ते कुणी सांगावं.

पावणेसहा. ट्रेलर खाली गेला, नाना ट्रॅक्टर अगदी गोगलगायीसारखा सोडत होते, मी गडग्यावर, ९ ची खूण, साडेनऊ, आणि चाकाचा वरचा काठ तिथेच पाण्याखाली गेला. वाऱ्याने खाडीत पाणी चढवलं होतं, हिशोबापेक्षा चांगलंच जास्त असणार. माझे दोन्ही हात वर. नाना थांबले, ब्रेक, गिअरमध्ये ठेवून बंद, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना दोन-दोन दगड. माडाचा दोर अजून झोळ पडलेला, ताठ झालाच नाही.

इंजिन नाही म्हणून होडी दोरांवरच आणायची. पुढचा दोर बाळाकडे, मागचे दोन काठावर दोघांकडे, आणि होडीत कुणीही नाही. पाणी थांबलेलं, ना आत ना बाहेर, फक्त वाऱ्याच्या लाटा आपटत होत्या. पहिल्यांदा नाळ डाव्या दांड्याच्या बाहेरून गेली. मागे घेतली. दुसऱ्यांदा वाऱ्याने शेपूट फिरवलं, उजवीकडच्याने दोर ताणून धरला, हळू हळू सैल, आणि नाळ दोन दांड्यांच्या मधोमध शिरली. रोलरवर टेकली तेव्हा जो आवाज आला तो पावसातही ऐकू आला, ठक असा ओला. बाळाने हुक अडकवला, कडीची जीभ बंद झाली ते बोटाने चाचपलं, आणि विंच फिरवायला लागला. एका हाताने. माझ्याकडे बघून दुसरा हात खिशात घातला, नाटकी मेला.

टक. खटका बसला. साखळी लावली. मी तरी नानांना लगेच चल नाही म्हटलं, आधी मागचे दोन्ही दोर ट्रान्समच्या कड्यांतून ट्रेलरला सारख्या लांबीवर बांधले. मग ओले दगड काढून चल. एक मीटर वर, थांब. बघितलं, दोन्ही पोटं फळीवर. अजून दोन मीटर, थांब. मग सरळ वर सपाटीला.

वर आल्यावर पहिलं काम बूच काढलं. नाळ अजून थोडी वर होती तोवर आतलं पावसाचं पाणी मागच्या भोकातून धारेने बाहेर, दहा-बारा मिनिटं वाहत होतं. पाऊस दिवसभर, कुणी उपसलंच नव्हतं, दोनेकशे लिटर तरी असेल. हे पाणी आत असताना आम्ही इंजिन काढून ७५ किलो वाचवल्याची फुशारकी मारत होतो. निघताना आधी आत डोकावायला पाहिजे होतं, विसरलो. हे ठळक लिहून ठेवतो: काढायच्या आधी होडी उपसा.

मग मागचे रॅचेट बेल्ट, प्रत्येकाला एक पीळ देऊन म्हणजे वाऱ्यात फडफडत नाही, काठावर गोणपाट. मांगरात पोचलो तेव्हा साडेसात, वीज गेलेली. आईने पेज आणि सुंगटाची (कोळंबीची) कोशिंबीर करून ठेवली होती, पाच माणसं चुलीपुढे ओली बसली होती, कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

२५ मे, रविवार

मान्सून आज देवगडपर्यंत आला म्हणून बातमी. केरळात काल. जून उजाडायच्या आत! चार दिवस पाऊस थांबलेला नाही, खाडी लाल झालीय, झाडाचे बुंधे वाहून येतायत. दोन दिवस उशीर केला असता तर रँपवर उभं राहता आलं नसतं. वाडीतल्या दोन होड्या अजून पाण्यात आहेत, जेटीला दुहेरी दोरांनी, त्यातली एक आज दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा आमच्या ट्रेलरवर काढली. ती मोठी, २२ फुटी, फळ्या आखूड पडल्या, ट्रान्सम मागे लोंबला. पाऊण किलोमीटर चालण्याच्या स्पीडने आणून लगेच खाली उतरवली. पुढच्या वर्षी फळ्या सरकवता येतील अशा करायला हव्यात, कारण आता सगळेच मागणार.

१ जून, रविवार

ओबीएम गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये पंधरा मिनिटं चालवला, गिअर ऑईल बदललं, जुनं दुधाळ नव्हतं म्हणजे सील ठीक. ट्रेलर धुतला, पाईपच्या भोकांतून अजून वाळू येतेय. चाकं ठोकळ्यांवर उचलून ठेवली, बेल्ट सैल केले, ताठ ठेवले तर तीन महिन्यांत काठ दबतो. होडीची नाळ जरा वर, बूच काढून इंजिनच्या जागी टांगलं, म्हणजे इंजिन लावताना ते समोर येईल आणि विसरणार नाही. वरून माडाच्या झापा आणि ताडपत्री.

डाव्या चाकाचं हब उघडलं तर ग्रीस पांढुरकं. पाणी गेलंय. सील बदलायचं, सप्टेंबरच्या आधी.

पाण्यात परत घालायला ७ सप्टेंबरची पौर्णिमा धरलीय, रविवार आहे. त्याआधी रँपच्या टोकाची पोकळी दगड-सिमेंटने भरायची, त्यासाठी मोठी ओहोटी आणि उघडीप दोन्ही एका दिवशी पाहिजे. माडाचा दोर आबांनी घरी नेलाय, म्हणाले तुम्ही ओलाच टाकून ठेवाल.

बाळाने विंचच्या हँडलला लाल टेप गुंडाळलाय आणि त्यावर माझं नाव लिहिलंय.